छोट्या कोर्सला सरकारी मदत: इंदुरातल्या मुलांनी कुठून आणि कशी मिळवायची

बारावीनंतर तीन-चार महिन्यांचा एखादा कोर्स करून लवकर कमवायला लागावं, असं म्हणणारी मुलं-मुली इंदूरच्या मराठी घरांत बरीच आहेत. सुदामा नगर घ्या, लोकमान्य नगर घ्या की रामबाग, पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "या कोर्सला स्कॉलरशिप मिळते का हो?" स्कॉलरशिप या नावाने बहुधा मिळत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या आणि राज्याच्या शिष्यवृत्त्या शाळा, कॉलेज, पॉलिटेक्निक, आयटीआय अशा नियमित शिक्षणासाठी असतात. तीन महिन्यांचा सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) किंवा शिलाईचा कोर्स त्यांत सहसा बसत नाही. पालक पोर्टल उघडतात, कोर्सचं नाव सापडत नाही, आणि सरकार काही देत नाही असं समजून खासगी क्लासची फी भरून टाकतात. ही फी पुष्कळदा वाचण्यासारखी असते, म्हणून हे सगळं एका जागी लिहितो आहे.

छोट्या कोर्ससाठी सरकारी पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिलीत सरकार शिकवणाऱ्या केंद्राला पैसे देतं आणि तुमची जागा फुकट असते. दुसरीत तुम्ही कारखान्यात, हॉटेलात किंवा ऑफिसात शिकता आणि दरमहा विद्यावेतन खात्यात जमा होतं. तिसरीत बँक तारण न घेता कर्ज देते. यांपैकी आपली वाट कुठली हे वय, शिक्षण आणि घरची गरज पाहून ठरवायचं. पण तिन्ही वाटांवर माणसं अडकतात ती कागदांपाशीच, म्हणून सुरुवात तिथून.

आधी कागद जुळवा

मध्य प्रदेशात राज्याच्या कुठल्याही योजनेचं दार समग्र आयडीने, म्हणजे राज्य सरकारने दिलेल्या ओळख क्रमांकाने उघडतं. कुटुंबाचा आयडी ८ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा ९ अंकी असतो. अर्जात सदस्याचा, म्हणजे ९ अंकी आयडी लागतो. समग्रचं ई-केवायसी झालेलं नसेल तर पुढे काहीच सरकत नाही, आणि ई-केवायसीसाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. बऱ्याच घरांत मुलाच्या आधारला वडिलांचा जुना, केव्हाच बंद पडलेला नंबर असतो. ओटीपी तिकडे जातो आणि कियोस्कवाल्याच्या काउंटरसमोर सगळे एकमेकांकडे पाहत राहतात. आधार केंद्रावर जाऊन आधी नंबर बदलून घ्या. मुलाचा स्वतःचाच नंबर द्या, पुढे वर्षभर त्यालाच मेसेज येणार आहेत.

मराठी घरांत हमखास येणारी अडचण नावाची. आधार काढताना आपण सवयीने मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सलग लिहून देतो. शाळेच्या मार्कशीटवर मात्र नाव आणि आडनाव एका ओळीत आणि वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. बँकेत तिसराच प्रकार. माणूस बघेल तर एकच व्यक्ती आहे हे त्याला कळेल, पण पोर्टल अक्षर अक्षर जुळवतं. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगचंही तसंच. कुलकर्णी आणि दीक्षित ही आडनावं तर एकाच घरात दोन स्पेलिंगांनी सापडतात. माझा सल्ला असा की दहावीची मार्कशीट प्रमाण माना. तीत बदल करून घेणं सर्वांत अवघड आहे. आधार, समग्र आणि बँक खातं तिच्याप्रमाणे करून घ्या, आणि याच क्रमाने, कारण समग्रचं ई-केवायसी आधारवरूनच होतं.

पुण्याहून किंवा जळगावहून लग्न होऊन आलेल्या सुनांना आणखी एक काम आहे. आधारवर माहेरचं नाव आणि महाराष्ट्राचा पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या, मग सासरच्या समग्र आयडीत नाव चढवा, आणि 'मूल निवासी' प्रमाणपत्रासाठी, म्हणजे इथल्या रहिवासी दाखल्यासाठी, लोकसेवा केंद्रात पतीचे कागद घेऊन जा. जातीच्या दाखल्याबद्दल गैरसमज फार आहे. महाराष्ट्रात निघालेला दाखला मध्य प्रदेश सरकारच्या राखीव सवलतींना चालत नाही, इथलाच लागतो. कुठली जात इतर मागासवर्गात येते याच्या दोन्ही राज्यांच्या याद्याही वेगवेगळ्या आहेत, तेव्हा आत्याच्या मुलाला पुण्यात मिळालं म्हणून आपल्याला इथे मिळेल असं धरून चालू नका.

आता बँक, आणि इथे जरा थांबून वाचा. "माझं खातं आधारशी लिंक आहे" असं सगळेच सांगतात. पण सरकारी पैसा खाते क्रमांकावर न येता आधार क्रमांकावर येत असेल, तर तो कुठल्या बँकेत टाकायचा हे एनपीसीआय नावाच्या संस्थेच्या यादीवरून ठरतं. त्या यादीत एका आधारसमोर एकच बँक असते. शाळेत असताना एका बँकेत खातं उघडलं, पुढे कॉलेजसाठी दुसऱ्या बँकेत, आणि दोन्हीकडे आधार दिलं, तरी पैसा एकाच ठिकाणी जाणार. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की सध्या कुठली बँक जोडलेली आहे ते 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. बँकेचं नाव चुकीचं असेल किंवा 'इनॅक्टिव्ह' दिसत असेल, तर शाखेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात यावा यासाठी, आधार सीडिंगचा फॉर्म भरा आणि त्याची पोच घ्या. काउंटरवर नुसतं "आधार लिंक करा" म्हटलं तर केवायसीपुरतं लिंक करून देतात. "डीबीटी सीडिंग" असंच म्हणा.

मूल लहान असताना आई-वडिलांनी उघडलेलं अज्ञान खातं १८ वर्षं पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून नियमित करावं लागतं. ते केलं नसेल तर व्यवहार बंद असतात आणि आलेला हप्ता परत जातो. अर्ज भरण्याआधी त्याच खात्यात शंभर रुपये टाकून, काढून पाहा.

बारावी किंवा आयटीआय झालेल्यांनी आधी 'सीखो-कमाओ' पाहा

मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना मध्य प्रदेश सरकारने २०२३ साली सुरू केली. वय १८ ते २९, राहणार मध्य प्रदेशचे, आणि शिक्षण किमान बारावी किंवा आयटीआय. योजनेने ठरवलेलं मासिक विद्यावेतन बारावीला ८,००० रुपये, आयटीआयला ८,५००, डिप्लोमाला ९,००० आणि पदवी किंवा त्यापुढे १०,००० रुपये असं आहे. यातले ७५ टक्के राज्य सरकार थेट खात्यात टाकतं, २५ टक्के जिथे शिकता ती आस्थापना देते. म्हणजे आयटीआय झालेल्या मुलाला सरकारकडून ६,३७५ आणि कंपनीकडून २,१२५. हे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. पैसे दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन ठिकाणांहून येतात, आणि कुठला भाग आला, कुठला राहिला हे कळलं तरच पुढे विचारपूस करता येते.

मी ही योजना सगळ्यांत वर ठेवतो याचं कारण पैशापेक्षा वेगळं आहे. तीन महिने वर्गात बसून मशीनची चित्रं पाहिलेल्या मुलात आणि वर्षभर रोज सकाळी मशीनसमोर उभं राहिलेल्या मुलात फोरमनला पहिल्याच दिवशी फरक दिसतो. बहुतेक प्रशिक्षण साधारण वर्षभराचं असतं, काही कोर्स त्याहून छोटे आहेत.

क्रम असा. योजनेच्या पोर्टलवर समग्र आयडी टाकून नोंदणी करायची. नाव, जन्मतारीख, पत्ता समग्रवरून आपोआप येतो. इथे चूक दिसली तर पुढे जाऊ नका, समग्रमध्ये दुरुस्त करून परत या. मग मार्कशीट अपलोड करायची, कोर्स निवडायचा आणि जागा निवडायची. जागेच्या रकान्यात इंदूरची मुलं एक मोठी संधी घालवतात. पीथमपूर आपल्याला इंदूरचंच वाटतं, राऊ-महूच्या अंगाने रोज हजारो माणसं तिकडे कामाला जातात, पण जिल्ह्याने ते धारमध्ये येतं. फक्त 'इंदूर' निवडलं तर गाड्यांचे सुटे भाग, औषधं, टायर बनवणारा एवढा मोठा औद्योगिक पट्टा यादीत दिसतच नाही. इंदूर आणि धार, दोन्ही निवडा. सांवेर रोड आणि पालदा इंदूर जिल्ह्यातच आहेत.

त्यानंतर आस्थापना अर्ज पाहते, बोलावते, निवडते. निवड झाली की युवक, आस्थापना आणि राज्याचं कौशल्य विकास मंडळ यांच्यात ऑनलाइन करार होतो. करार झाल्याशिवाय कामाला लागू नका. "तुम्ही या उद्यापासून, कागद मागाहून करू" असं गोड बोलून सांगणारे भेटतात. कराराच्या आधीच्या दिवसांचं सरकारी विद्यावेतन मिळत नाही. करारावरचं कोर्सचं नाव आणि प्रत्यक्ष दिलेलं काम यांचाही मेळ पाहा. अकाउंट्सचा कोर्स लिहून दिवसभर माल उचलायला लावत असतील, तर पहिल्या महिन्यातच लेखी कळवा.

सरकारी हिस्सा आस्थापनेने भरलेल्या हजेरीवर निघतो. महिना संपला की हजेरी पोर्टलवर चढली का, हे एचआरला नम्रपणे पण नेमाने विचारत राहा. स्वतःच्या हजेरीचा तारीखवार हिशेब मोबाइलमध्ये ठेवा. वर्ष पुरं करून परीक्षा दिल्यावर राज्य व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेचं प्रमाणपत्र मिळतं. अर्ध्यात सोडलं तर ते मिळत नाही, म्हणून जाण्यायेण्याचा खर्च आणि शिफ्ट याचा विचार आधी करा. विजयनगरहून पीथमपूरला रोज जाणाऱ्या मुलाचे तास प्रवासात किती जातात हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहिलेलं बरं. कंपनीची बस कुठल्या चौकातून सुटते, कँटीनला किती कापतात, मुलींना रात्रपाळी आहे का, हे प्रश्न मुलाखतीतच विचारावेत. त्यात संकोच कसला?

अप्रेंटिसशिप

हिचा पाया जुना आहे, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत, म्हणजे नॅप्समध्ये, विद्यावेतनाच्या २५ टक्के आणि जास्तीत जास्त १,५०० रुपये दरमहा केंद्र सरकार देतं, आणि २०२३ पासून ते थेट उमेदवाराच्या खात्यात येतात. विद्यावेतन ८,००० ठरलं असेल तर कंपनी ६,५०० देईल आणि १,५०० वेगळे येतील. कंपनीने पैसे कापले म्हणून भांडण्याआधी पासबुक पाहा. वयाची अट १४ ते ३५. दहावी झालेल्यांनाही इथे जागा असतात, त्यामुळे सीखो-कमाओत न बसणाऱ्यांसाठी ही वाट महत्त्वाची. पदवीधर आणि डिप्लोमाधारकांसाठी नॅट्स नावाची वेगळी योजना शिक्षण मंत्रालयाकडून चालते, तिचं पोर्टलही वेगळं आहे. दोन योजनांचं विद्यावेतन एकाच वेळी घेता येत नाही.

आयटीआयला गेलेल्या मुलांनी नंदानगरच्या शासकीय आयटीआयच्या सूचना फलकावर नजर ठेवावी. अप्रेंटिस मेळावे लागतात तेव्हा कंपन्या तिथे येऊन बसतात आणि एका दिवसात चार मुलाखती होऊन जातात.

फुकट कोर्स, पण केंद्र पाहून

प्रधानमंत्री कौशल विकास योजना २०१५ पासून आहे. सध्याचा तिचा टप्पा चौथा. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने ही योजना, अप्रेंटिसशिप प्रोत्साहन आणि जन शिक्षण संस्थान या तिन्ही एकत्र करून मार्च २०२६ पर्यंत चालू ठेवायला मंजुरी दिली. उमेदवाराला फी नाही. वय १५ ते ५९, म्हणजे घरातल्या आईलाही शिकता येतं. नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हब या पोर्टलवर आधारने होते, तिथेच जिल्हा निवडून जवळची केंद्रं आणि येणाऱ्या बॅचेस दिसतात. शेवटी बाहेरचा परीक्षक परीक्षा घेतो आणि प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये येतं.

या योजनेवर माझा पूर्ण विश्वास नाही, आणि हे मोकळेपणाने सांगायला हवं. काही केंद्रं मन लावून शिकवतात. काही मात्र नुसती हजेरी गोळा करतात. कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, या योजनेच्या पहिल्या वर्षांची तपासणी केली तेव्हा बहुसंख्य उमेदवारांच्या नोंदीत बँक खात्याचा रकाना रिकामा किंवा निरर्थक भरलेला निघाला. तेव्हा नाव देण्याआधी केंद्रावर जाऊन या, शक्यतो बॅच चालू असण्याच्या वेळी. मशीन किती आणि मुलं किती ते मोजा. मशीनवर धूळ असेल तर तिथेच समजा. मागच्या बॅचच्या दोन मुलांचे नंबर मागा आणि त्यांनाच विचारा की काम लागलं का. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं केंद्र शोधा. कोर्स एनएसक्यूएफच्या कुठल्या पातळीचा आहे हेही विचारा. ही राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट २०१३ पासून लागू आहे, आणि पातळी कळली की पुढचा कोर्स निवडणं सोपं जातं. नोंदणी शुल्क, किटचे पैसे, परत मिळणारी अनामत अशा कुठल्याही नावाने पैसे मागितले तर देऊ नका. पोर्टलचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतो की नाही ते पाहण्याची सवय लावा, हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळं बरीच आहेत.

शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी, विशेषतः बायकांसाठी, जन शिक्षण संस्थान आहे. वय १५ ते ४५, फी नाममात्र. देपालपूर, सांवेर, महूच्या गावांतल्या लोकांसाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. ही बँक चालवते, राहणं-जेवण फुकट, कोर्स काही दिवसांपासून दीड महिन्यापर्यंत, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा करतात. नोकरीपेक्षा स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर मी हिलाच पहिली पसंती देईन. गावातल्या गरीब घरांतल्या तरुणांना दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनाही खुली आहे.

अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि सफाई कामगारांच्या घरांसाठी पीएम-दक्ष आहे. वय १८ ते ४५, फुकट प्रशिक्षण, आणि ८० टक्के हजेरी असेल तर दरमहा हजार ते दीड हजार रुपये. इतर मागासवर्गाला ३ लाखांची वार्षिक उत्पन्न मर्यादा आहे, म्हणून 'आय प्रमाणपत्र', म्हणजे उत्पन्नाचा दाखला, ताजं हवं.

आणि ज्यांच्या हातात कसब आधीच आहे, म्हणजे शिंपी, सुतार, सोनार, गवंडी, न्हावी वगैरे १८ व्यवसायांतले, त्यांनी प्रधानमंत्री विश्वकर्मा पाहावी. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. ५ ते ७ दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर, आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातून एकच जण, आणि घरात सरकारी नोकर असेल तर नाही. राजवाड्याच्या आसपास पिढ्यान् पिढ्या शिवणकाम करणारी घरं आहेत, त्यांनी ही सोडू नये.

कर्ज सगळ्यांत शेवटी

हवा तो कोर्स फुकट कुठेच नसेल तरच कर्ज. २०१५ च्या कौशल्य कर्ज योजनेत ५,००० ते दीड लाख मिळत असत, जुलै २०२४ मध्ये ही मर्यादा साडेसात लाखांवर नेली. तारण लागत नाही, त्यामागे सरकारी हमी निधी असतो. वर्षाच्या आतल्या कोर्ससाठी शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात, आणि फेड रकमेप्रमाणे ३ ते ७ वर्षांत. बँकेत जाताना संस्थेचं प्रवेशपत्र, फीचा तपशील आणि कोर्सच्या मान्यतेचा कागद न्या. शाखेत "अशी योजना आमच्याकडे नाही" असं म्हणाले तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि नाकारण्याचं कारण लेखी मागा. मला विचाराल तर, संस्थेनेच "आम्ही कर्ज करून देतो" असा आग्रह धरला तर उठून या. फी किती वाढवून लावली आहे हे तुम्हाला नंतर कळतं.

पैसा अडकला तर

आधी सीडिंगची स्थिती पाहा, मग हजेरी चढली का ते, मग करारातली तारीख. बहुतेक प्रकरणं इथेच सुटतात. तरी पैसा आला नाही तर जिल्ह्याच्या रोजगार कार्यालयात किंवा आयटीआयमध्ये लेखी अर्ज द्या. अर्ज हिंदीत, एका पानात: नाव, ९ अंकी समग्र आयडी, कराराची तारीख, कुठल्या महिन्याची किती रक्कम बाकी, आणि सोबत पासबुकाच्या पानाची प्रत. दहा-पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. केंद्राची योजना असेल तर केंद्राच्या लोकतक्रार पोर्टलवर लिहा.

१८१ वर तक्रार गेली की काही दिवसांत खात्याकडून फोन येतो, "काम होऊन जाईल, तक्रार बंद करा" असं म्हणतात. आवाज गोड असतो, मुलं भिडेखातर हो म्हणतात आणि तक्रार बंद होते. खात्यात पूर्ण रक्कम दिसेपर्यंत समाधान झालं असं सांगू नका.